मुदतवाढीसाठी अभिप्राय

कविता मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. शाळेत असताना मी एका कवितेचा सारांश 'कवीला बरं वाटत नाही' एवढाच लिहिला होता आणि तासभर वर्गाबाहेर उभा राहिलो होतो. आजही ते उत्तर मला बरोबरच वाटतं. नोकरीसुद्धा अशी मिळाली की जिथे कवितेला शिरायला फट नाही. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासतो. किलोच्या मापात नऊशे ऐंशी ग्रॅम भरले तर मी दुकानदाराला 'तुमच्या मनात काय दाटून आलं होतं?' असं विचारत बसत नाही. काटा जप्त करतो, पावती देतो, पुढच्या दुकानात जातो.

अशा माणसाचे कवितांवरचे तब्बल अकरा अभिप्राय आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर लागले, ते वाचायला माणसं थांबली, दोघी-तिघींनी ते वहीत उतरवून घेतले, याला सर्वस्वी माझी बायको जबाबदार आहे. हे सगळं बघायला ती नव्हती. ती जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

सुरुवात वाचनालयाच्या पोस्टकार्डाने झाली. 'स्मरणपत्र क्रमांक तीन. आपण नेलेला कवितासंग्रह मुदतीत परत केलेला नाही. त्वरित जमा करावा.' वर हिचं नाव. एक आणि दोन क्रमांकाची स्मरणपत्रं मी वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, कारण हिच्या नावाने येणारं टपाल आता तेवढंच उरलं होतं. पण तिसऱ्यात 'त्वरित'खाली तांबडी रेघ होती. तांबड्या रेघेचा मान राखायची मला सवय आहे.

पुस्तक कपाटात चादरींच्या खाली सापडलं. ते महिनाभर आधीच सापडायला हवं होतं, पण मी चादरींच्या वाटेला जातच नव्हतो. चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ही दोन टोकं धरायची, मी दोन. आता मी एक कड हनुवटीखाली दाबून दोन्ही हात पसरून उभा राहतो. शेजारचे हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी हा प्रकार एकदा गॅलरीतून पाहिला आणि 'दाराच्या कडीत अडकवा एक टोक,' असा सल्ला दिला. अडकवलं. कडीला तेल होतं. तेव्हापासून धुतलेल्या चादरी मी बोळा करूनच ठेवतो.

पुस्तक उघडून पाहिलं तर काही कवितांच्या डोक्यावर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या. हिच्याच, शंकाच नको. वाणसामानाच्या यादीवर ती अशीच खूण करायची, शेवटी शेपूट जरा वर उडालेली. मोजल्या तर अकरा भरल्या. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायचा कागद होता, तो खालून सुटून लोंबत होता. सरकारी माणसाला सुटलेला कागद बघवत नाही. मी ऑफिसातून आणलेला डिंक काढला आणि तो कागद, जेमतेम कडा उचलून, चारी बाजूंनी घट्ट बसवून टाकला. आमच्या ऑफिसच्या डिंकाने आजवर एकही पाकीट धड चिकटलेलं नाही, पण मनाला समाधान झालं.

मग पुस्तक घेऊन वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपालबाई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या डोक्यावर आहे खरी, पण त्या असताना तिची गरज पडत नाही.

"सभासदाने स्वतः यावं लागतं," त्या रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या. "मुदत फार उलटलीय. कारण लिहून द्यावं लागेल."

"त्या येऊ शकत नाहीत."

"मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा."

"तेही आणता येणार नाही," मी म्हटलं. आणि नंतर जे सांगायचं ते सांगितलं. हे वाक्य मी बँकेत, गॅसच्या ऑफिसात, टेलिफोनवाल्यांकडे म्हणून आलो होतो. मला वाटलं होतं, सवय झाली असेल.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "शनिवारी यायच्या. खिडकीजवळ बसायच्या." मग पुस्तक चाळलं आणि त्यांच्यातली ग्रंथपाल परत जागी झाली. "ह्यात पेन्सिलीच्या खुणा आहेत. परत करताना खोडून द्याव्या लागतात." त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

मी त्या खोडरबराकडे पाहिलं. साधं पांढरं खोडरबर होतं. एका कोपऱ्याने झिजलेलं.

"मला हे पुस्तक आणखी थोडे दिवस हवंय," मी म्हणालो.

"तुम्ही कविता वाचता?"

"वाचतो," मी म्हणालो. खोटं वजन पकडण्यात ज्याची हयात गेली, त्याने बोललेलं हे पहिलं खोटं.

मुदत संपलेल्या पुस्तकाला मुदतवाढ मिळत नसते. मात्र भिंतीवर एक परिपत्रक होतं आणि भिंतीवरचं परिपत्रक दिसलं की मी ते वाचतोच. वाचनालयाने 'वाचकांचे अभिप्राय' लावायला मोठा फळा घेतला होता आणि त्यावर दोन वर्षांत टाचणीशिवाय काही लागलं नव्हतं. म्हणून समितीने ठरवलं होतं की जो सभासद नेलेल्या पुस्तकातल्या एका कवितेवर किंवा कथेवर लेखी अभिप्राय देईल, त्याला एका आठवड्याची मुदतवाढ मिळेल.

"ते बालविभागासाठी आहे," बाई म्हणाल्या.

"तसं यात कुठे लिहिलेलं नाही."

बाई उठल्या, चष्मा लावून परिपत्रक वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि परत येऊन बसल्या. "शुक्रवारपर्यंत अभिप्राय आणा," त्या म्हणाल्या. माझ्या नावाने सभासदत्वाचा अर्जही भरून घेतला. असा मी कवितेच्या प्रांतात कायदेशीर मार्गाने शिरलो.

माझा हिशोब सोपा होता. खुणा अकरा, आठवडे अकरा. तेवढ्यात या कविता हिला का आवडल्या ते कळेल. इतकी वर्षं एका घरात राहून ज्या गोष्टीची मी चौकशी केली नाही, ती आता करायची होती. संध्याकाळी चहा झाल्यावर ती काहीतरी वाचून दाखवायची, मी पेपरमागून 'हं' म्हणायचो. ते 'हं' मी चांगल्या मनाने म्हणायचो, पण ऐकत मात्र नव्हतो. काय वाचायची ते विचाराल तर एक ओळ सांगता येणार नाही. एकदा तिने काहीतरी वाचलं आणि ती थांबली. पुरं झालं नसेल असं वाटून मी विचारलं, 'पुढे?' ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुस्तक मिटलं आणि आत निघून गेली. तिचा विरस केला, ही टोचणी मला कायमची लागून राहिली. त्यानंतर मी पुन्हा 'हं'वर आलो. त्यात धोका कमी.

पहिली कविता पान बाराची. कवीच्या छातीवर आभाळाचं ओझं पडलं आहे, असा मजकूर. तीन संध्याकाळी खपून मी लिहिलं: 'ओझं किती, ते दिलेलं नाही. मोजण्यापूर्वी काटा शून्यावर होता का, याचाही उल्लेख नाही. तथापि माणूस दमला आहे, याबद्दल शंका वाटत नाही. पाच महिन्यांपूर्वी वाचली असती तर हसलो असतो. आता हसू आलं नाही.'

बाईंनी तो वाचला. "अभिप्राय असा नसतो," त्या म्हणाल्या. मग फळ्याकडे बघितलं. फळा रिकामा होता. त्यांनी टाचणी उचलली.

ही बातमी हेडसरांना कळायला एक दिवस लागला. ते संध्याकाळी पाय आपटतच आले. "अहो, रसग्रहण असं करतात होय! आधी मध्यवर्ती कल्पना, मग शब्दकळा, मग अलंकार, शेवटी संदेश. उपमा कुठे आहे तुमच्या अभिप्रायात?"

"मला कुठे पुस्तक समजून घ्यायचंय? मला ते ठेवून घ्यायचंय."

"मग हरवलं म्हणून सांगा की! सोपं आहे."

सोपं कसलं! हरवलेल्या पुस्तकाबद्दल समितीपुढे लेखी निवेदन द्यावं लागतं, त्यावर सही करावी लागते. माझ्या सहीवर बाजारातले काटे चालतात. ती मी खोट्या कागदावर कशी करणार? पुस्तक विकत घ्यावं म्हटलं तर ते छापणारेच आता धंद्यात नव्हते. फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, पानांचे फोटो काढून ठेवा ना. एवढं काय त्यात?" काढले. माझा अंगठा उत्तम आला. पेन्सिलीची खूण मात्र एकाही फोटोत उमटली नाही. आणि खरं सांगायचं तर फोटोला बोट लावून काय कळणार? खुणेवर बोट फिरवलं की कागद किंचित दबलेला लागतो. ती पेन्सिल दाबून धरायची.

मग दर शुक्रवारी, पानांचा क्रम न धरता जी कविता आधी जमेल तिच्यावर, अभिप्राय देणं सुरू झालं. पान एकोणीसवर कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली होती. मी लिहिलं: 'आमच्याही जुडग्यात अशी एक आहे. ती कशाची, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. घरातली सगळी कुलपं लावून पाहिली. कवी म्हणतो, फेकून द्या. कवीशी असहमत.' पान सत्तेचाळीसवर एक माणूस छत्री विसरली म्हणून दारातून घरात परत जातो आणि तिथेच कविता खलास. मी रीतसर तक्रार नोंदवली: 'कविता अर्धवट आहे. माणूस बाहेर आला का? छत्री मिळाली का? पुढे काय झालं ते कळवावं.' हेडसरांनी ती वाचून कपाळाला हात लावला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस शांततेत गेले.

गोंधळ झाला तो आठव्या आठवड्यात. त्या दिवशी मला एक अभिप्राय वाचनालयात आणि एक तपासणी अहवाल ऑफिसात द्यायचा होता. दोन्ही एकाच आकाराच्या कागदावर, एकाच अक्षरात, एकाच बॅगेत. पुढचं सांगायला नकोच. वाचनालयाच्या फळ्यावर एका जुन्या स्प्रिंगकाट्याचा अहवाल लागला: 'बाहेरून सुस्थितीत दिसतो. आतली स्प्रिंग थकलेली. रिकामा असतानाही वजन दाखवतो. दुरुस्त होण्यासारखा नाही.' शनिवारी तिथे म्हणे घोळका जमला. एक शिक्षिका डोळे पुसून गेल्या. आजवर मी लिहिलेल्यात हेच सर्वांत सरस, असं हेडसर स्वतः येऊन सांगून गेले.

आणि ऑफिसच्या फायलीत, साहेबांच्या टेबलावर, पान तेहेतीसच्या कवितेचा अभिप्राय गेला: 'यातली बाई रोज खिडकीशी उभी राहते आणि घरातल्या कोणाच्या ते लक्षात येत नाही. काय बघतेस, असं एकदा तिला विचारायला हवं होतं. विचारायला काही लागत नाही. मी विचारलं नाही.' खुलासा मागवणार, या भीतीने मी दिवसभर पाणीसुद्धा जपून प्यायलो. संध्याकाळी फाईल परत आली. खाली साहेबांचा शेरा होता: 'पाहिले. सहमत.' साहेब त्या दिवशी अर्धा तास लवकर घरी गेले. आमच्या ऑफिसात असं पूर्वी कधी झालेलं नाही.

तो अभिप्राय मी सोमवारी नेऊन दिला, तेव्हा बाईंनी मागणी-वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या पुस्तकासाठी तीन नावं लागली होती. फळ्यावर वाचून लोकांना आता पुस्तक हवं होतं! जे पुस्तक वर्षानुवर्षं हिच्याखेरीज कोणी हातात धरलं नाही, ते. म्हणजे पुस्तक घरात राहावं म्हणून मी लिहीत होतो आणि लिहीत होतो म्हणूनच ते हातचं जाणार होतं. माझ्या नोकरीत असा विनोद सहसा होत नाही.

मी ठरवलं, लोकांना परावृत्त करायचं. पुढच्या शुक्रवारी लिहिलं: 'पान अठ्ठावन्नवरची कविता कोणीही वाचू नये. वाचल्यावर समोरची खुर्ची रिकामी असलेल्यांना चहा घेणं जड जातं. सर्व संबंधितांनी या पुस्तकापासून दूर राहावं.'

मागणी तीनवरून आठावर गेली.

दहाव्या शुक्रवारी बाईंनी भिंतीवरचं परिपत्रक काढून माझ्या हातात दिलं. "मागची बाजू वाचा."

मागे होतं: 'इतर सभासदांची मागणी नसेल तरच मुदतवाढ देता येईल.' इतकी वर्षं मी दुकानदारांना परवान्याची मागची बाजू वाचायला सांगत आलो, आणि माझ्या बाबतीत मी काय केलं?

"मागणी लागली त्याच दिवशी पुस्तक जमा करून घ्यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे मी ही बाजू पाहिली नाही. आता पुढच्या शुक्रवारी आणा." बाईंनी नियम मोडला, हे कळायला मला बस स्टॉपपर्यंत चालत जावं लागलं.

तो आठवडा मी पुस्तक कुठेही ठेवलं नाही. काटे तपासायला गेलो तेव्हाही बॅगेत नेलं. अकराच्या अकरा कविता आता मला पाठ झाल्या होत्या. पण त्या हिला का आवडल्या, हे अजूनही समजलं नव्हतं. किल्ली, छत्री, खिडकीतली बाई, आभाळ, यांचा आपसात संबंध काय? तपास अपुरा ठेवून फाईल बंद करायची माझ्यावर ही पहिलीच वेळ. अकरावा अभिप्राय एका ओळीचा लिहिला: 'मला या कविता आवडू लागल्या आहेत. उशीर झाला.'

शुक्रवारी टेबलाशी उभा राहिलो. बाईंनी अभिप्राय घेतला, वाचला, बाजूला ठेवला. खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते हातात घेतलं. पान बारा उघडलं. हात काही पुढे होईना.

"थांबा, आधी हा कागद बदलते," बाई म्हणाल्या. "आठ जण आहेत, शिक्क्याला जागा उरलेली नाही." त्यांनी शेवटचं पान उघडून तारखांच्या कागदाचा कोपरा नखाने उचलला. आमच्या ऑफिसचा डिंक! तो आपल्या लौकिकाला जागला. सगळा कागद अलगद, न फाटता, हातात आला.

खाली पेन्सिलीने यादी केलेली होती. खुणांची शेपूट वर उडवणाऱ्या त्याच हाताचं अक्षर.

'पान १२ — हं.
पान १९ — हं. हं.
पान २६ — घोरले.
पान ३३ — दूध उतू जातंय का, विचारलं.
पान ४७ — "पुढे?" म्हणाले!! स्वतःहून! मी आत जाऊन हसले आणि रडले.
पान ५८ — चष्मा पुसला. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाले.
पान ६४ — ऐकत होते. पेपर उलटा धरला होता.'

अशी अकरा पानं. आवडलेल्या कवितांच्या खुणा नव्हत्याच त्या. मला वाचून दाखवून झालेल्या कवितांच्या होत्या. वाणसामान घरात आलं की ती खूण करायची, तशी. मी अकरा आठवडे अभिप्राय लिहीत होतो, आणि माझे अभिप्राय तिने कधीच लिहून ठेवले होते. मीच ते डिंक लावून बंद केले होते.

सगळ्यात खाली बारावी ओळ होती. 'पान ८३ —' आणि पुढे काही नाही.

त्र्याऐंशीवर खूण नव्हती, म्हणून ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. उघडलं. लहानशी कविता. दोन माणसं एका चादरीची घडी घालताहेत. दोघं दोन-दोन टोकं धरून लांब उभी आहेत. प्रत्येक घडीला एकमेकांच्या जवळ येतात, टोकं देतात, पुन्हा मागे सरतात. चादर लहान होत जाते. शेवटी चारही टोकं एकाच्याच हातात राहतात. तिथे कविता संपते.

ही मी मोठ्याने वाचली. 'शांतता राखा'च्या खाली उभं राहून, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशी. दोनदा आवाज फुटला, तरी वाचली. संध्याकाळच्या चहानंतर तिने जशी वाचली असती तशी मला जमली नाही. पण कोणीतरी ती मला वाचून दाखवायची राहिली होती आणि आता दुसरं कोणी नव्हतं. पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली घेतले होते. बाईंनी मला गप्प केलं नाही.

"पेन्सिल आहे का?" मी विचारलं.

"वाचनालयाच्या पुस्तकात लिहायला सक्त मनाई आहे," त्या म्हणाल्या, आणि कानामागची स्वतःची पेन्सिल काढून मला दिली.

मी त्र्याऐंशीच्या पुढे लिहिलं. पान सत्तेचाळीसला म्हणालो होतो, तोच एक शब्द लिहिला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग पान त्र्याऐंशीच्या डोक्यावर एक खूण केली. शेपूट वर उडवायचा प्रयत्न केला, पण ती निरीक्षकाचीच आली.

बाईंनी नवा कागद घेतला. त्या कागद कसा चिकटवतात, ते सगळ्यांना माहीत आहे. चारी कडांना डिंक, वर रजिस्टरचं वजन. या वेळी त्यांनी डिंक फक्त वरच्या कडेला लावला. खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर बंद केला. मी मागणी-वही ओढून घेतली आणि खाली माझं नाव लिहिलं.

"तुमचा नंबर नववा," त्या म्हणाल्या. "बरेच महिने लागतील."

"लागू देत."

"आणि पान त्र्याऐंशीचा अभिप्राय? फळ्यावर लावायला?"

"तो दिला," मी म्हटलं. "जिला द्यायचा तिला दिला."